कर्नलसाहेबांची गुप्त कामगिरी

कर्नल कधीही सैन्यात नव्हते. ते बिस्किटांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि तिथे पत्र्याचा रिकामा डबासुद्धा त्यांच्या सहीशिवाय जागचा हलत नसे. झुपकेदार मिशा, ताठ मान आणि समोरच्याकडे संशयाने बघायची सवय, एवढ्या भांडवलावर कारखान्यातल्या लोकांनी त्यांना कर्नल म्हणायला सुरुवात केली. देणाऱ्यांनी ही पदवी थट्टेत दिली होती. घेणाऱ्याने ती मनापासून घेतली.

निवृत्त झाल्यावर राखायला गोदाम उरलं नाही, म्हणून कर्नलांनी देश राखायला घेतला. सकाळचा चहा झाला की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते फोनवर सीमेचा आढावा घेत. देशाला कुठून धोका आहे हे त्यांना तोंडपाठ होतं: शेजारी देशांकडून, विद्यापीठांतल्या पोरांकडून, फार प्रश्न विचारणाऱ्या वर्तमानपत्रांकडून आणि कॉलनीच्या फाटकाशी नव्याने बसायला लागलेल्या किल्लीवाल्याकडून. हा किल्लीवाला परमुलखातून आला होता आणि बोलताना अडखळायचा. कर्नलांनी त्याचे फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, ‘हा माणूस प्रत्येक कुलूप उघडू शकतो. विचार करा.’ लोकांनी विचार केला आणि त्याच्याकडून किल्ल्या करून घेणं थांबवलं.

“अहो, किल्लीवाल्याला कुलूप उघडता नाही आलं तर त्याने करायचं काय?” बायकोने विचारलं.

“तुला यातलं कळत नाही,” कर्नल म्हणाले. हे वाक्य त्यांना संसारात फार उपयोगी पडलं होतं.

घरात तिसरी व्यक्ती म्हणजे सून. मुलगा मालवाहू जहाजावर असायचा, त्यामुळे ती सासू-सासऱ्यांजवळ राही. ती वीज वितरणाच्या नियंत्रण केंद्रात इंजिनिअर होती. शहराच्या कोणत्या भागाला किती वीज सोडायची, हे तिथल्या पडद्यांवरून ठरे. हे काम देशाच्या सुरक्षिततेशी संबंधित असू शकेल, असं कर्नलांच्या कधी मनातही आलं नव्हतं. सून बंदूक बाळगत नव्हती.

मग एके दिवशी त्यांना तो फोन आला.

पलीकडचा आवाज भारदस्त होता. “कर्नलसाहेब बोलताय ना? मी कुठल्या खात्यातून बोलतोय ते सांगायची मला परवानगी नाही.” कर्नल खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. देशाला जागरूक नागरिकांची गरज आहे, त्यांच्या पोस्ट वरपर्यंत वाचल्या जातात, त्यांची निवड झाली आहे, असं तो आवाज म्हणाला. आयुष्यभर कर्नल ज्या फोनची वाट बघत होते, तो हाच. आपल्याला फोन करायला इतका उशीर का केला, एवढंच त्यांना विचारावंसं वाटलं.

या साहेबांनी सुरुवातीला सोपी कामं दिली. पाण्याच्या टाकीवर पहारेकरी जागा असतो का, ते बघून कळवायचं. कर्नलांनी कळवलं, की तो झोपलेला असतो. साहेबांना फार आनंद झाला. आपल्या कामाने वरिष्ठ खूश होतात, हा अनुभव कर्नलांना नवा होता. त्यांनी रेल्वे पुलाखालची बंद पडलेली कॅमेऱ्यांची रांगही न मागता कळवून टाकली.

थोड्या दिवसांनी साहेब म्हणाले, “आता नाजूक विषय आहे. तुमच्या सूनबाई मोक्याच्या जागी आहेत. त्यांच्यावर आमचा संशय नाही. पण त्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये कुणी शिरलंय का, ते तपासावं लागेल. त्यांना कळता कामा नये.”

कर्नलांना क्षणभर अवघडल्यासारखं झालं. पण घरच्यांना सूट देईल तो कसला देशभक्त. रविवारी सकाळी सून उघडा लॅपटॉप टेबलावर ठेवून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. कर्नलांनी साहेबांनी सांगितलेला पत्ता एकेक अक्षर शोधत टाइप केला आणि जिथे दाबायला सांगितलं होतं तिथे दाबलं. काहीच झालं नाही. म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजून ते समाधानाने पेपर वाचत बसले.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी अर्ध्या शहराची वीज गेली. लोक लिफ्टमध्ये अडकले, चौकाचौकांत गाड्या एकमेकींत घुसल्या, इस्पितळांनी जनरेटर चालू केले आणि त्यातल्या काहींमध्ये डिझेल नाही हे तेव्हा लक्षात आलं. एरवी एका कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवरून कुणाला इतक्या आत पोहोचता आलं नसतं. पण केंद्राच्या संगणक विभागाने पूर्वी कधीतरी दुरुस्तीच्या सोयीसाठी एक वाट उघडी ठेवली होती आणि ती बंद करायचा प्रस्ताव मंजुरीसाठी फिरत होता.

तपास अधिकारी घरी आल्या, तेव्हा कर्नलांनी शर्ट बदलला. आपला सत्कार असणार, पण गुप्त असल्यामुळे घरीच करत असतील, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी सगळी कामगिरी रंगवून सांगितली. अधिकारी बाईंनी ती लिहून घेतली. शेवटी त्यांनी विचारलं, “हे साहेब तुम्हाला कधी भेटले?”

“नाही. गुप्त खातं आहे.”

“काका, असं कुठलंही खातं नाही. तो माणूस कुठल्या देशात बसला होता, तेसुद्धा आम्हाला अजून नक्की माहीत नाही.”

दारात सून उभी होती. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती नुसतीच वळली आणि आपल्या खोलीत गेली.

पुढे जे झालं ते लोकशाहीला शोभेल असंच झालं. संसदेत प्रश्न विचारला गेला. वीज कशामुळे गेली? तारांना घार धडकल्यामुळे, असं मंत्र्यांनी उत्तर दिलं. घारीचं पोस्टमॉर्टेम झालं का, असं विरोधकांनी विचारलं. राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने घारीविषयी अधिक माहिती देता येणार नाही, असं मंत्री म्हणाले आणि सभागृह जेवायला उठलं. सुनेची बदली मीटरच्या तक्रारी ऐकायच्या खिडकीवर झाली. वाट उघडी ठेवणाऱ्या विभागप्रमुखांना सुरक्षा समितीचं अध्यक्षपद मिळालं. आणि कर्नलांकडून सही घेण्यात आली, की या प्रकरणाबद्दल ते कुणापाशी ब्रसुद्धा काढणार नाहीत.

आता त्यांच्याकडे देशाचं खरोखरचं गुपित होतं आणि त्यापायी त्यांना जेवण जात नव्हतं. सून त्यांचं ताट वाढायची, औषध आठवणीने द्यायची, पण बोलायची नाही. फोन त्यांनी कपाटात ठेवून दिला. खिडकीत बसायचे, पण बाहेर कुणावर नजर ठेवायचं धाडस होत नव्हतं.

घारीवर कॉलनीचा विश्वास बसला नाही. एवढ्या मोठ्या कारस्थानाला माणूसच हवा, आणि माणूस फाटकाशीच बसला होता. किल्लीवाल्याला हाकलण्यासाठी सभा भरली. अध्यक्षांनी कर्नलांचेच जुने फोटो सगळ्यांना दाखवले आणि म्हणाले, “कर्नलसाहेबांनी आपल्याला केव्हाच सावध केलं होतं. त्यांनीच दोन शब्द बोलावेत.”

किल्लीवाला दाराशी उभा होता. त्याने पेटी आधीच आवरून आणली होती.

कर्नल उठले. सहीचा कागद त्यांना आठवत होता. अधिकारी बाईंनी तुरुंगाचं नावही घेतलं होतं.

“याने काही केलेलं नाही,” ते म्हणाले. “वीज माझ्यामुळे गेली. मला एका भामट्याने फोनवर बनवलं आणि मी सुनेचा लॅपटॉप त्याला उघडून दिला.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि हसू सगळीकडे गेलं.

“काय माणूस आहे,” अध्यक्ष गहिवरून म्हणाले. “गरिबाला वाचवायला आळ स्वतःवर घेतोय. एवढ्या खात्रीने बोलतायत म्हणजे त्यांना आतली खबर असणार. मंडळी, किल्लीवाला राहू दे.”

कर्नलांनी पुन्हा सांगून पाहिलं. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. किल्लीवाल्याला हसू आलं नव्हतं. तो पेटी उचलून निमूटपणे आपल्या जागेवर गेला. कर्नलांना नमस्कार त्याने केला नाही, आणि ते त्यांना रास्तच वाटलं.

घरी सून टेबलावर भाजी निवडत बसली होती. कर्नल तिच्यासमोर बसले.

“मी सभेत सगळं सांगून टाकलं,” ते म्हणाले. “सही मोडली.”

सुनेने मान वर केली. “मग?”

“कुणी विश्वास ठेवला नाही.”

“सही घेणाऱ्यांचं नशीब थोर आहे, बाबा,” ती म्हणाली. कित्येक दिवसांनी तिने त्यांना बाबा म्हटलं होतं. आवाजात राग होताच, तो इतक्यात जाणारही नव्हता. तिने अर्धी भाजी त्यांच्याकडे सरकवली. “ही निवडा. आणि किडकी पानं बाजूला काढा.”

कर्नल मान खाली घालून पानं निवडू लागले.