नळीतला विटकरी रंग

दुष्काळाच्या साली आम्ही उमरग्याजवळच्या एका खेड्यात राहत होतो. माझे पती शिक्षक होते आणि मधुमेहासाठी रोज इन्सुलिन टोचून घेत. घरी साखर तपासायची ती लघवीतली. निळ्या औषधात आठ थेंब टाकून नळी दिव्यावर उकळायची. रंग विटकरी झाला की साखर फार वाढली असं समजायचं.

त्या सकाळी रंग विटकरी आला, म्हणून त्यांनी इंजेक्शन जास्त घेतलं. माझ्या भाकरी होईपर्यंत ते घामानं निथळले, नजर फिरली. "खाऊन घ्या," म्हणत मी ताट पुढं केलं, तर त्यांनी केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या माझ्या दिरांना वाटलं, भाऊ दारू प्यालाय. त्यांनी काठीनं त्यांना झोडपायला सुरुवात केली.

"भावजी, मारू नका! साखर उतरलीय त्यांची!"

दिरांनी त्यांचे हात दाबून धरले. मी गुळाचं पाणी पाजू लागले, तर त्यांनी माझं बोट चावून रक्त काढलं. थोड्या वेळानं ते शांत झाले. माझं कपाळ पाहून म्हणाले, "कुणी मारलं गं तुला?"

दीर काठी टाकून बाहेर गेले.

उमरग्याचे डॉक्टर माझ्या कपाळाला टाके घालताना माझ्या पतींना म्हणाले, "रात्रभर साठलेली लघवी रात्रीची साखर दाखवते, आत्ताची न्हाय. पहिली सोडून द्यायची, अर्ध्या तासानं पुन्हा करून ती तपासायची. तरी रक्तातलं खरं त्यातून कळत न्हाय."

परतताना एसटीत त्यांनी माझ्या टाक्यांवर पदर ओढला आणि खिडकीकडं तोंड करून रडले.