खालचा नंबर

ऑफिसात त्यांना सगळे कुकीकाका म्हणत. नर्सिंगच्या प्रवेशाचे अर्ज आमच्या वेबसाइटवर भरले जात, आणि वेबसाइट उघडली नाही की लोक आमच्या मदत खोलीत फोन करत. काका फोन उचलत आणि समोरच्याचं गाऱ्हाणं पुरतं ऐकायच्या आत सांगत, "कुकीज काढून टाका, पान रिफ्रेश करा." ब्राउझरने साठवलेला हा बारीकसारीक कचरा पुसला की दहातल्या सात अडचणी सुटतात, असा त्यांचा अनुभव. सुटायच्याही. मी तेव्हा नवीन होते आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होते.

काका मूळचे टायपिस्ट. टाइपरायटर गेले तेव्हा चाळिशी ओलांडलेली, तरी स्वतःच्या हिमतीवर कॉम्प्युटर शिकले. सर्व्हर बघणारा माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा तेही काम त्यांच्याच गळ्यात पडलं. कुणावर खेकसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. फक्त ऐकून घ्यायला त्यांना धीर नव्हता.

त्या वर्षी पहिल्याच आठवड्यात वेबसाइट बसली. कुठलंसं यंत्र मिनिटाला शेकडो वेळा तिचं दार वाजवत होतं. काकांनी त्यावर एक नियम बसवला. एकाच कनेक्शनवरून मिनिटात चाळीसपेक्षा जास्त वेळा कुणी आलं, तर दार बंद. पुन्हा वाजवलं, तर आणखी काही तास बंद. वेबसाइट सावरली, ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी सगळ्यांसमोर काकांचं कौतुक केलं.

अर्जाची मुदत संपायला चार दिवस होते, तेव्हा एका मुलींच्या वसतिगृहातून फोन आला. बोलत होत्या तिथल्या रेक्टरबाई. शांत, जपून बोलणारा आवाज. मी ऐकत होते, कारण काकांना कमी ऐकू यायचं आणि त्यांचा फोन कायम स्पीकरवर असायचा.

"अ‍ॅक्सेस डिनाइड असं येतंय हो. नऊ मुली आहेत, सहा कॉम्प्युटर. सगळीकडे तेच."

"कुकीज काढा."

"काढल्या. खाली एक लांबलचक नंबर आलाय, तो सांगू का?"

"तो राहू द्या, त्याचा उपयोग नाही. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. मोबाइलवर उघडतंय का?"

"माझा फोन बटणांचा आहे. मुलींना फोन ठेवायची परवानगी नाही."

"मग रिफ्रेश करत राहा. येईल."

दुसऱ्या दिवशी बाईंनी परत फोन केला. कॉम्प्युटरचं घड्याळ तपासून झालं होतं, नवा ब्राउझर टाकून झाला होता. सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी वहीत लिहून, त्यापुढे बरोबरची खूण करून ठेवली होती. त्यांनी पुन्हा नंबराचं विचारलं, काका पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्या दिवशी काकांनी रजिस्टरमध्ये शेरा मारला, 'वापरकर्त्याच्या बाजूची अडचण', आणि प्रकरण मिटवलं.

शेवटच्या दिवशी बाई नऊही मुलींना घेऊन बाजारातल्या एका सायबर कॅफेत गेल्या. तिथे वेबसाइट पहिल्या फटक्यात उघडली. पण कॉम्प्युटर एकच रिकामा होता आणि प्रत्येकीची प्रमाणपत्रं स्कॅन करायची होती. पाच वाजता मुदत संपली, तोवर चार अर्ज गेले होते.

पुढच्या आठवड्यात काका सर्व्हरवरची बंद केलेल्यांची यादी साफ करायला बसले. मध्येच थांबले आणि मला बोलावलं.

"हे बघ. या एकाच कनेक्शनवरून चार दिवसांत साडेतीन हजार वेळा दार वाजवलंय. पण रोज दहाला सुरू, पाचला बंद. आणि एक ते दोन काहीच नाही."

"मग?"

"यंत्र जेवायला उठत नाही गं."

रेक्टरबाईंचे ते फोन आठवून त्यांनी वसतिगृहाला फोन लावला. बाईंनी वही काढली आणि तो नंबर वाचून दाखवला. यादीतल्या नोंदीशी तो आकडा न् आकडा जुळला. सहा कॉम्प्युटर एकाच कनेक्शनवर होते. नऊ मुलींची झुंबड नियमाला हल्ला वाटली. काकांच्या सांगण्यावरून त्या जितक्या वेळा रिफ्रेश करत होत्या, तितकं दार उघडणं लांबणीवर पडत होतं. पहिल्या दिवशी तो नंबर लिहून घेतला असता, तर दोन मिनिटांचं काम होतं.

काका मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "मुदत गेली, आता कशाला उकरून काढता? रजिस्टरमध्ये त्यांची अडचण म्हणून नोंद आहेच."

"ती नोंद माझी आहे, मॅडम. ती चूक आहे."

त्यांनी रजिस्टरमधला शेरा खोडला, खाली खरं काय ते लिहून सही केली आणि पाच मुलींसाठी मुदतवाढ मागणारं पत्र वर पाठवलं. तीन आठवड्यांनी दोन ओळींचा नकार आला.

तो नकार घेऊन काका स्वतः वसतिगृहात गेले. मला सोबत चल म्हणाले. कॉम्प्युटरच्या खोलीत त्या पाचजणी बाकावर बसल्या होत्या. काकांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, स्वतःला सांभाळून घेणारा एकही शब्द वापरला नाही. एका उंच मुलीने विचारलं, "म्हणजे आमचं काय चुकलं होतं?"

"तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

"मग चार दिवस तुम्ही आम्हालाच का दुरुस्त करायला लावत होतात?"

रेक्टरबाईंनी काकांपुढे पाण्याचा पेला धरला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काका परतताना म्हणाले.

पुढच्या वर्षी त्या पाचजणींपैकी चौघींनी पुन्हा अर्ज केले, त्यातल्या दोघींना प्रवेश मिळाला. त्या उंच मुलीला अर्जच करता आला नाही. वयाच्या मर्यादेपेक्षा ती चार महिन्यांनी मोठी झाली होती.

काकांनी नियम बदलला, लोकांचं शेवटपर्यंत ऐकायला लागले. पण त्यांच्या बोलण्यातली ती जुनी खात्री गेली. साधं उत्तर देतानाही मला विचारत, "बरोबर सांगितलं ना मी?" दोन वर्षांनी ते निवृत्त झाले.

मध्यंतरी भेटले तेव्हा म्हणाले, डोळे तपासायला गेलो होतो. दवाखान्यात नावं लिहून घ्यायला तीच उंच मुलगी बसली होती.

"तिने ओळखलं तुम्हाला?"

"नाही. वय विचारलं, चिठ्ठी दिली, बसा म्हणाली."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? मागे रांग होती," काका म्हणाले. "हुशार आहे पोरगी. एका म्हाताऱ्याला वॉर्डाची वाट सांगायला खुर्चीतून उठून गेली."