कुमुदच्या बाजूचा क्लच

दीनानाथ गुप्त्यांच्या फियाटला क्लच होता, पण तो त्यांच्या पायाखाली नव्हता. तो शेजारच्या सीटसमोर होता, आणि त्या सीटवर कुमुद असायची.

लग्नाला चार वर्षं झाली असताना न्हावा शेव्याकडे निघालेल्या एका ट्रेलरने दीनानाथांची स्कूटर उडवली. डावा पाय गुडघ्याखाली गेला. इस्पितळातून घरी आल्यावर त्यांनी आधी नकली पाय मागितला नाही, गाडी मागितली. तो पाय पुढे बसला, पण क्लच दाबायच्या कामाचा नव्हता. वडिलांच्या वेळची फियाट दारात उभी होती, ती शिवा मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये ओढत नेली.

"हाताचा क्लच करून देतो," शिवा म्हणाला, "पन भाऊ, एक हात स्टेरिंगला, एक गियरला. तिसरा हात मी कुठून आनू?"

"तिसरा हात नको. हिचा पाय आहे ना," दीनानाथ म्हणाले.

कुमुदला कुणी विचारलं नाही. शिवाने मापासाठी तिची चप्पल तेवढी मागून घेतली. आठवडाभराने गाडी आली, तेव्हा तळाखालून एक लांब लोखंडी सळई डाव्या बाजूला आली होती आणि तिच्या टोकाला कुमुदच्या पावलाएवढं पेडल होतं. दीनानाथ "हं" म्हणायचे, ती दाबायची, ते गियर टाकायचे. सोडायचं कधी ते तिने इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचं.

सुरुवातीला गाडी बेडकासारखी उड्या मारायची. बाजारातली माणसं काचेशी वाकून बघायची. "गुप्ते, गाडी तुम्ही चालवता की वहिनी?" दीनानाथ हसून म्हणायचे, "बैल मी, जू तिच्या मानेवर." सगळे हसायचे. कुमुदही हसायची, कारण तिचा पाय पेडलवर असायचा आणि उतरून जाता यायचं नाही.

पुढे "हं"ची गरज उरली नाही. त्यांचा खांदा किंचित हलला की तिचा पाय खाली जायचा. तरी ते "हं" म्हणत राहिले. घरात दोघांचं महिना महिना धड बोलणं नसलं तरी रविवारी गाडीत "हं" असायचंच.

गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी दीनानाथांनी भाजीबाजाराचं वळण सोडलं आणि सरळ पुढे गेले. "अहो, बाजार?" ती म्हणाली. "मला ठाऊक आहे," ते खेकसले. पण पुढच्या चौकात त्यांचे डोळे रस्त्यावर न राहता पाट्यांवर भिरभिरले. तिने ते पाहिलं.

त्या दिवसापासून ती बडबडी झाली. "माझी पाठ धरलीये, पुढच्या गतिरोधकावर हळू घ्या." "डावीकडून जाऊ या, तिकडे सावली आहे." "तो रिक्षावाला बघा कसा मध्ये घुसतोय." त्यांना रस्ता सांगायचा तो असा, तक्रारीत गुंडाळून. दीनानाथ वैतागायचे, पण जिकडे ती कुरकुर करेल तिकडे गाडी बरोबर वळायची.

आणि मग नेऱ्याच्या रस्त्यावरचा तो उतार आला. पुढचा टेम्पो थांबला होता. दीनानाथ टेम्पोकडे बघत होते आणि ब्रेक मारत नव्हते. कुमुद ओरडली आणि तिने असेल नसेल तो जोर लावून पेडल दाबलं. क्लच म्हणजे ब्रेक नव्हे, हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. पण तिच्याकडे दुसरं पेडलच नव्हतं. मोकळी झालेली गाडी उताराने आणखी जोरात सुटली. शेवटच्या क्षणी तिने स्टिअरिंग ओढलं. टेम्पो वाचला, पण बांधावरून गवताचा भारा घेऊन चाललेल्या गंगाबाईला गाडीचा धक्का बसला आणि फियाट शेतात उतरली.

गंगाबाईचा हात मोडला. माणसं जमली.

"हिचा पाय चुकला," दीनानाथ सगळ्यांना सांगत होते. "इतकी वर्षं झाली, आता पाय साथ देत नाही तिला."

कुमुद गंगाबाईचा हात आपल्या पदराने बांधत होती. तिने मान वर केली नाही.

खारघरहून मुलगा, सुशांत, धावत आला. गंगाबाईच्या दवाखान्याचं त्याने पाहिलं, फियाटही शेतातून काढून दुरुस्त करून आणली. मग तो आईला समजावत बसला. "आई, बास झालं आता. बाबांना ऑटोमॅटिक घेऊन देतो. दोनच पेडल, दोन्ही उजव्या पायाची. तू सुटलीस! आणि इराला दुपारी शाळेतून आणायचं बाबाच करतील. तेवढंच त्यांनाही रोजचं काहीतरी काम होईल."

कुमुदच्या हातातली कणीक तशीच राहिली. सुशांतची इरा दुसरीत होती.

"त्यांना नको देऊस गाडी," ती म्हणाली. "त्यांना आठवत नाही सुशांत. रस्ते आठवत नाहीत."

"बाबांना?" सुशांत हसला. "अगं, तुम्ही कुठल्या साली कुठे गेलात आणि कुठे पंक्चर झालं, सगळं काल सांगत होते मला."

"जुनं आठवतं. आत्ताचं नाही. पाय माझा चुकला नव्हता."

सुशांतचा चेहरा बदलला. "आई, चुकतं माणसाचं. पण आपल्या पायाचं त्यांच्या डोक्यावर नको ढकलूस."

ती पुन्हा कणीक मळू लागली. गोळ्यावर ताट झाकून मग म्हणाली, "रविवारी ये. फियाट एकदा चालवू दे त्यांना. तू मागे बस. इराला आणू नकोस."

रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना ते निघाले. दीनानाथांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. "हं," ते म्हणाले, तिने दाबलं, गाडी लोण्यासारखी निघाली. मागून सुशांतने टाळी वाजवली.

"तुझ्या वेळी सातवा महिना होता हिला," दीनानाथ आरशात बघत सांगू लागले. "अख्खा खंडाळ्याचा घाट चढवली ही गाडी. पुढे ट्रकांची रांग, क्षणाक्षणाला क्लच. पण एकदाही बंद पडली नाही!"

घाट चढून गेल्यावर तिचा पाय इतका सुजला होता की चप्पल हातात घेऊन उतरावं लागलं होतं. कुमुदला ते आठवलं. पण आज ती काहीच बोलणार नव्हती. तिचा एक हात मात्र हँडब्रेकजवळ होता.

सुकापूरच्या अलीकडे गतिरोधक आला. ती गप्प राहिली. गाडी दाणकन आदळली, सुशांतचं डोकं टपाला लागलं.

"बाबा!"

"हिने सांगितलं नाही," दीनानाथ म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "आज गप्प का गं?"

ती समोर बघत राहिली. मागे सुशांत पुढे सरकून बसला.

फाटा आला. "हं," दीनानाथ म्हणाले. तिने दाबलं. गाडी हळू होत रस्त्याच्या मधोमध थांबली. त्यांनी गियर टाकला नाही. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मागून एका दुधाच्या गाडीने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. कुमुदच्या पोटरीत कळ आली, पण तिने पाय उचलला नाही. एक शब्द बोलायचा होता. डावीकडे म्हटलं असतं तरी पुरे होतं.

दीनानाथ तिच्याकडे झुकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "कुमुद, कुठे चाललोय गं आपण?"

मागे ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज खाली आणला होता. पण ते मागे ऐकू गेलं.

दीनानाथांनी आरशात पाहिलं. तिथे सुशांतचा चेहरा होता. तो त्यांनी थोडा वेळ बघितला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि काठी शोधू लागले.

परतताना सुशांत स्टिअरिंगवर बसला. कुमुद आपल्या जागी, दीनानाथ मागे. सुशांतला कधी "हं" म्हणायचं ते कळेना. "आई, दाब. दाब ना! अगं, आता सोड!" गियर करकरत होता. दुसऱ्या कुणाच्या गाडीचा गियर असा करकरला तरी दीनानाथ रस्त्यातून ओरडायचे. कुमुदचा कान मागे लागला होता. एकदा तरी मागून "हं" येईल असं तिला वाटत राहिलं. पनवेल आलं तरी ते आलं नाही.

दारात गाडी थांबली. सुशांत फाटक लावायला गेला. दीनानाथ काठी टेकत उतरले आणि तिच्या खिडकीशी येऊन थांबले.

"हे मला घरात सांगायचं होतंस," ते म्हणाले.

तिने ते सुशांतला सांगितलं होतं. त्यांना मात्र कधीच सांगितलं नव्हतं. दीनानाथ वळून घराकडे चालू लागले, तसं सवयीने तिच्या तोंडून गेलं, "पुढे पायरी आहे."

ते पायरीपाशी थांबले. मग काठी उचलून पायरीवर टेकवली आणि, तिचं न ऐकल्यासारखे, आत गेले.