गरम भांडं

परवा नातीचा फोन आला… कॉलेज आणि काम दोन्ही एकदम जमत नाही म्हणून रडकुंडीला आलेली. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

जळगाव, साल सत्तावन्न. मी बी.एस्सी.ला, विषय केमिस्ट्री. सकाळी तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत पगारी काम आणि अकराला कॉलेज… काम आमच्या सरांनीच मिळवून दिलेलं. आता म्हणे याला इंटर्नशिप म्हणतात. आमच्या पिंप्राळ्यातल्या बायका तेव्हा 'पोरगी हाताबाहेर गेली' म्हणायच्या!

आबांची, म्हणजे वडिलांची, अट साफ होती. फी स्वतः कमवायची. गिरणीतलं काम सुटलं की कॉलेज सुटलं, मग लग्न. मला डिग्री हवी होती, बस्स.

माझं काम शेंगदाण्याचा ओलावा काढायचं. दाणे भांड्यात घालून तोलायचे, ओव्हनमध्ये वाळवायचे, पुन्हा तोलायचे. वजन फार घटलं की माल ओला, गाडी परत.

त्या दिवशी एका शेतकऱ्याचा माल मी ओला ठरवला. गोदामाचे मुकादम नाना, धुळ्याकडचे, बोलणं अहिराणी. त्यांनी एक दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाले, "पोरी, हाऊ माल सुका शे."

मी ताडकन म्हणाले, "नाना, दात खोटं बोलतील, काटा नाही बोलत." काय तो तोरा माझा! नानांनी गाडी परत न्यायला सांगितली आणि मी कॉलेजकडे पळाले.

कॉलेजच्या फाटकाशी पोचले आणि पाय थबकले… घाईत मी भांडं निवू दिलंच नव्हतं! गरम भांडं काट्यावर हलकं भरतं, म्हणजे सुका मालही ओलाच ठरणार.

आत प्रॅक्टिकलची घंटा झाली. आणखी एक खाडा झाला तर टर्म मिळणार नाही, असं सरांनी बजावलेलं. आणि गिरणीत चूक कबूल केली तर कामही जाणार… आगीतून फुफाट्यात.

तरी उलट्या पावली गिरणीकडे पळत सुटले. गाडी जुंपून झाली होती. बैलांपुढे उभी राहून ओरडले, "थांबा हो, चूक माझी आहे!" भांडं काट्याच्या पेटीत तसंच होतं, आता निवलेलं. तोललं… माल सुका.

गिरणीचे केमिस्ट साहेब असे भडकले की मला काढलंच असतं. नाना मधे पडले. "साहेब, चुकनी ती, पन पयत उनी ना!" चुकली, पण पळत आली, हे ऐकून साहेब पुटपुटत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सरांना खरं ते सांगितलं. ते खूप बोलले, आणि रविवारी मला एकटीला प्रॅक्टिकलला बसवलं. टर्म मिळाली.

शेवटच्या परीक्षेत सगळ्यांची तोलायची धांदल आणि मी हाताची घडी घालून बसलेली. परीक्षक म्हणाले, "वेळ संपत आलाय, बसलात काय?"

"भांडं निवतंय, सर."

पास झाले! पहिला पेढा नानांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो दाताखाली धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरी, हाऊ वल्ला शे."

ओला म्हणे! हसता हसता त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागायची राहूनच गेली… आज मागते, नाना.