पीठ बर्फ, काच बर्फ

चंदनापुरीच्या घाटाखाली रस्त्याचं काम निघालं की आमचं बिऱ्हाड तिकडे जायचं, काम सरकलं की बिऱ्हाडही पुढच्या मैलाच्या दगडापाशी सरकायचं. वडील खडी फोडत, आई पाटीने ती वाहून टाकी आणि माझा थोरला भाऊ किसन, माझा दादा, दहा वर्षांचा असल्यापासून वडिलांच्या शेजारी हातोडी घेऊन बसे. मी त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. एकदा कपची उडून वडिलांचा उजवा डोळा गेला. तिसऱ्या दिवशी ते डोक्याला फडकं बांधून पुन्हा खडीवर बसले, कारण न बसून भागणारं नव्हतं. हे मी लाजेने सांगत नाही आणि कौतुकानेही नाही. होतं ते असं होतं. आमच्या घरात अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. दादा ठेकेदाराची लॉरी धुवायचा, धुता धुता ती चालवायला शिकला आणि महायुद्ध पेटल्यावर नगरला जाऊन लष्करात ड्रायव्हर म्हणून भरती झाला. त्याच्या पगारावर मी पुण्याच्या कॉलेजात गेलो आणि बी. ए. झालो. ते पाहायला आई-वडील राहिले नव्हते. वहिनी तर लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापाने गेली होती, आणि दादाने पुन्हा लग्न केलं नाही. राहिलो आम्ही दोघे. निकाल लागला त्या दिवसापासून दादा मला नावाने हाक मारायचा बंद झाला. "ए बीए, पानी आन." "बीए, माजी चप्पल कुठं हाय रं?" आणि हे सगळं चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात.

दोन महिन्यांपूर्वी नगरला मी शिकवतो त्या शाळेत लष्कराकडून दादाबद्दलची तार आली. तार इंग्रजीत होती, आमच्या शिपायाला ती वाचता येत नव्हती. "भावाला बढती मिळाली असंल, मास्तर, पेढे काढा," म्हणत त्याने ती हसतच माझ्या हातात दिली... किसन, लष्करी इस्पितळात, न्यूमोनियाने. तारेत एवढंच होतं. मी तास पुरा केला. घरी जाऊन सांगावं असं कुणी नव्हतंच, तेव्हा घाई तरी कशाची करायची?

दादा शेवटचा भेटला तो दिवाळीच्या रजेत. माझ्या खोलीत अकरा दिवस होता. आला तेव्हापासून गप्प होता, आणि दादा गप्प म्हणजे काहीतरी बिनसलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पिशवीतून एक इंग्रजी चोपडी काढून माझ्यापुढे टाकली. काश्मिरात लढाई चालू होती. रजा संपली की त्याला नऊ लॉऱ्या घेऊन, ऐन हिवाळ्यात, बनिहालचा घाट ओलांडायचा होता. पलीकडे आजारी माणसं होती आणि लॉऱ्यांत त्यांची औषधं अन् घोंगड्या. पहिली गाडी दादाची. साहेबाने विचारलं, "जमेल?" आणि हा "जी" म्हणून बसला होता. युद्धात त्याने वाळूतून गाडी हाकली होती, ब्रह्मदेशाच्या चिखलातून हाकली होती. बर्फ मात्र त्याने नगरच्या बाजारात, भुशातून काढून विकतात तेवढंच पाहिलेलं.

"मागच्या आठ गाड्या माज्या चाकोरीतनं येनार," तो म्हणाला. "म्या चुकलो की समदीच चुकली. लई भ्या वाटतंय रं." दादाच्या तोंडून भीती हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता.

चोपडीत बर्फावर गाडी कशी हाकायची ते लिहिलं होतं. तिचं मराठी करून एका वहीत लिहून द्यायचं काम माझं. दादा तोवर मराठी अक्षरं जुळवून वाचायला शिकला होता. मी ऐटीत बसलो. बर्फ मीही पाहिलं नव्हतं, पण मी बी. ए. होतो! संध्याकाळपर्यंत चार पानं लिहून त्याच्या हातात दिली. त्याने बोट फिरवत वाचली, परत वाचली आणि कपाळाला आठी घातली.

"ह्यो साहेब येडा हाय का तू?"

"का?"

"हितं म्हनतो, बर्फावर म्होरल्या गाडीची चाकोरी धरा. अन् खाली म्हनतो, बर्फावर चाकोरी सोडून कडंच्या खरबरीत जागंवर चाक घाला. धरू का सोडू?"

पुस्तकात तसंच आहे, असं मी जोरात सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "पुस्तकात नसंल. तुज्यात असंल." पुन्हा पाहिलं, तर इंग्रजीत शब्द दोन होते. आभाळातून भुरभुर पडतं ते एक, आणि गोठून दगड होतं ते दुसरं. आपल्याकडे दोन्हींना आपण बर्फच म्हणतो, कारण आपल्याला दोन्हींशी कर्तव्य नाही. मी 'हिम' शब्द सुचवला. दादा हसला. "घाटात पंजाबी, मद्राशी गडी असत्यात. हिम हिम करून बोंबललो तर मंतर म्हनतोय, देवळात आलो म्हनतील." मग त्यानेच दोन्हींना नावं दिली. भुरभुरीत ते पीठ, कडक ते काच. पिठावर चाकोरी धरायची. काचेवर सोडायची आणि ब्रेकला पाय लावायचा नाही. मी त्या कच्च्या पानांवर जिथे जिथे 'बर्फ' होतं तिथे पुढे 'पीठ' किंवा 'काच' घालत गेलो आणि मग तसंच वहीत उतरवलं.

मग माझ्या खोलीत घाट उभा राहिला. कॉलेजची पुस्तकं रचून त्याने डोंगर केला, वर ज्वारीचं पीठ पसरलं आणि दोऱ्याचं रीळ घेऊन वळणं घेत बसला. "बीए, तुजी पुस्तकं पयल्यांदा कामाला आली!" बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या सगळ्या गाड्यांना पुरणार नाहीत हे त्याला माहीत होतं. कोपरगावकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात तो चाकांना वाखाचा दोर गुंडाळून लॉरी काढायचा, म्हणून आता तसाच दोर न्यायचं ठरलं. आम्ही बाजारात गेलो. त्याने दोराची दोन भलीमोठी बिंडं घेतली, एक माझ्या खांद्यावर दिलं. वाटेत आमचे हेडमास्तर समोरून येताना दिसले आणि मी... मी ते बिंड दादाच्या दुसऱ्या खांद्यावर सारलं आणि दहा पावलं पुढे चालू लागलो. त्याने पाहिलं. खोलीवर आल्यावर एवढंच म्हणाला, "चांगला दिसतो तुजा हेडमास्तर. पगडी झ्याक हाय."

तो गेला. मार्गशीर्षात कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं त्याचं एक कार्ड आलं, "पीठ पडाया लागलं. उद्या निघतो." त्यानंतर थेट तार.

तार आल्यावर सांत्वनाला लोक आले, चहा घेऊन गेले. मला एकच गोष्ट कळायला हवी होती आणि ती कुणाला विचारायची हेच कळत नव्हतं. घाट ओलांडला का? कचेरीला पत्र घातलं; उत्तरात नंबर, तारीख आणि खेद. एका रविवारी, वही ज्यांवरून उतरवली ती कच्ची पानं काढून मी पुन्हा वाचत बसलो. घाट उतरायच्या पानावर आलो आणि तिथेच थांबलो. 'उतारावर बर्फ असल्यास' असं लिहून मी पुढे गेलो होतो. पीठ की काच, ते घालायचं राहून गेलं होतं. वही त्याच्याबरोबर गेली होती. त्यानंतर किती रविवार मी त्या एका ओळीसमोर काढले ते सांगत नाही. दिवाळीपासून खोलीत दोन माणसांचं जेवण शिजवायची सवय लागली होती, ती मात्र त्याच रविवारी मोडली.

गेल्या पंधरवड्यात शाळा सुटताना फाटकाशी एक उंच गडी उभा दिसला. "बीए तुमीच का?" मी मान हलवली. तो पारनेर तालुक्यातला सोपान, दादाच्या मागच्या दोन नंबरच्या लॉरीचा ड्रायव्हर, रजेवर आलेला. खोलीवर आला, भिंतीला टेकून बसला आणि मी विचारायच्या आधीच बोलायला लागला.

"चढ बरा ग्येला. साकळ्या पाच गाड्यांना, चारांना तुमचा दोर. वर पोचलो अन् म्होरं उतार. किसनदादानं गाडी थांबवली, वही काडली, वाचली अन् हसाया लागला. म्हनला, 'हितं बीए इसरलाय. नुसतं बर्फ लिवलंय. आता आपल्यालाच बगाया पायजे.' काठी घ्येतली, गाडी जोडीदाराकडं दिली अन् उतरला खाली. काठी ठोकत म्होरं चालायचा, अन् वराडायचा, 'पीठ!' मंग 'काच!' मी मागच्याला वराडायचो, त्यो त्येच्या मागच्याला. शेवटल्या गाडीत मद्राशी गडी, त्यो बी 'पीट, पीट' करत हुता. दोन कोस आसंच. गुडग्यापतूर भिजला. चार येळा म्हनलं, दादा, बसा गाडीत. न्हाई म्हनला."

मी विचारलं, वहीत तो शब्द असता तर दादा गाडीतून उतरला असता का?

सोपान बराच वेळ बोटाने जमिनीवर रेघा ओढत राहिला. "मास्तर," तो म्हणाला, "खोटं बोलू का खरं?"

"खरं."

"मला न्हाई ठावं."

त्या उत्तराबद्दल मी त्याचा ऋणी आहे. दुसरं कुठलंही दिलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. खाली पोहोचल्यावर दोन दिवसांनी दादाला ताप भरला, पुढे तो छातीत उतरला आणि महिनाभर इस्पितळात झुंजून दादा गेला. सोपान सांगत होता, तापात तो कधी कधी आईला हाक मारायचा... बाकी सगळा वेळ गाड्या मोजायचा.

माझा भाऊ किसन, खडी फोडणाऱ्याचा मुलगा, शाळेची पायरी न चढलेला. त्याने नऊ लॉऱ्या बर्फाच्या घाटावर नेल्या आणि नऊच्या नऊ, अठरा माणसांसह, पलीकडे उतरवल्या.