पुलावरचं छप्पर

पादचारी पुलाच्या कठड्यांवर जुनी साडी ताणून वास्तुकलेची एक विद्यार्थिनी खाली पडलेली सावली खडूने आखत होती. ‘हे काय?’ मी थांबून विचारलं.

‘‘छप्पर सुचवतेय, काका. पण सर म्हणतात, खांबांना भार पेलणार नाही. मूळ इंजिनिअरनेच तसं लिहून ठेवलंय.’’

तो इंजिनिअर मी. छपराने पुढाऱ्याचा फलक झाकला गेला असता, म्हणून मी खांबच दुबळे ठरवले. मग उन्हाला कंटाळून माणसं खालून गाड्यांमधून पळू लागली, तेव्हा त्यांनाच अडाणी म्हणालो. आम्हा हुशारांची लायकी एवढीच, की आमचं खोटंही पुढच्या पिढीला अभ्यासाला लागतं.

‘‘खांब मजबूत आहेत,’’ मी म्हणालो. ‘‘लिहिणारा खोटारडा होता. मीच तो.’’

तिने फोन लावून माझ्या हातात दिला. ‘‘सरांना सांगा.’’