सोबत्याचा रकाना

दादा मला भोंगा म्हणतो. माझा आवाज मोठा आणि राग नाकावर, हे मला मान्य आहे. पण याच भोंग्यावर तो इतकी वर्षं चाललाय, हेही त्याने मान्य करावं. कॉलेजात असताना एका तापात त्याचे डोळे गेले. तेव्हापासून रस्त्याने माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो. पायरी आली, डावीकडे हो, थांब रे सायकल येतेय. आणि हा माझ्या कोपराला धरून मजेत विचारणार, की सायकल कुठल्या रंगाची आहे.

तो शेजारच्या शहरातल्या हॉस्पिटलात कामाला आहे. आधी एक्स-रेच्या फिल्म धुवायचा. त्या कामाला मिट्ट काळोखाची खोली लागते आणि काळोखाचं त्याला काय कौतुक! पुढे संगणक आले, फिल्म गेल्या, त्याला टेलिफोनवर बसवलं. रोज सकाळी मी त्याला तिथे सोडते, तशीच पुढे गणवेशांच्या कारखान्यात कापड कापायला जाते आणि संध्याकाळी त्याला घेऊन घरी येते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

या सगळ्याच्या मुळाशी त्याचं रेल्वेचं सवलत कार्ड आहे. त्यावर सोबत्याचा एक रकाना असतो, त्यात माझं नाव. बरोबर गेलो तर दोघांनाही अर्धं तिकीट. तो एकटा दिसला तर सवलत नाहीच, वर तपासनीस त्याला पुढच्या स्टेशनावर उतरवून ठेवतो. दर तीन वर्षांनी कार्ड नवं करायचं, आणि एकदा रकाना भरला की पुढची तीन वर्षं त्यात काडीचाही बदल होत नाही.

यंदा नेमकं त्याच वेळी आमच्या मालकीणबाईंनी मला बोलावलं. लांबच्या गावात नवा कारखाना निघतोय, तिथे मुख्य कटर म्हणून जाशील का, आठवडाभरात सांग, म्हणाल्या. तिथलं मोठं टेबल माझं, हाताखालच्या मुली माझ्या, आणि माझ्या कापाला कोणी नाक मुरडणार नाही. बारा तास उभी राहून पाय सुजवले ते याचसाठी. मी घरी अवाक्षर काढलं नाही. कार्डावर पुन्हा माझं नाव पडलं की विषय आपोआप संपेल, असं मनाशी ठरवून टाकलं.

कार्ड करायला निघालो, तर गाडीत दादा म्हणाला, "पाच दिवस झाले, तू माझ्याशी एकदाही भांडली नाहीस. काय लपवतेस?"

मग सांगितलं सगळं. मी नाहीच म्हणणार आहे, हेही सांगितलं. त्याने मान डोलावली. मला वाटलं, त्याला पटलं.

कार्डाच्या खिडकीवरच्या चष्मेवाल्या बाई आम्हाला जुन्या ओळखीच्या. त्यांचा एक नियम पक्का आहे. सोबत्याने मागे पिवळ्या रेषेपाशी थांबायचं, कार्डवाल्याने स्वतः पुढे येऊन बोलायचं. म्हणजे कोणी त्याच्या तोंडी आपलं म्हणणं घालत नाही. मी रेषेपाशी उभी राहिले. सोबती तीच ना, असं बाईंनी सवयीने विचारलं.

"सोबती नको," दादा म्हणाला. "एकट्याचं कार्ड द्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नियम समजावून सांगितला. एकट्याचं कार्ड हवं असेल तर चालून दाखवावं लागतं. इथून पूल चढायचा, समोरच्या फलाटावर उतरायचं, टोकाच्या बाकापर्यंत जाऊन परत यायचं. निरीक्षक मागून चालतील, पण बोलणार नाहीत. त्यांना हात लावावा लागला किंवा सोबत्याने नुसती हाक जरी मारली, तरी चाचणी फुकट. मग सोबत्याचंच कार्ड, पुढची तीन वर्षं. हे सांगून बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, की तुम्हाला जमेल का. रांगेतली माणसं हसली. मला एरवी अशा हसण्याचा राग आला असता, पण माझं सगळं लक्ष त्या पुलाकडे लागलं होतं. या स्टेशनावर तो माझ्या कोपराशिवाय कधी चाललेलाच नव्हता.

काठी टेकत तो निघाला. मागे निरीक्षक, रबरी तळव्यांच्या बुटात, पायांचा आवाजही नाही. पुलाच्या पायऱ्या दादा न अडखळता चढला. वर मध्येच एका बाईच्या पिशवीला धडकला, हात जोडून माफी मागितली, पुढे झाला. मग समोरच्या फलाटावर उतरला. मध्ये दोन रूळ आणि पलीकडे तो, सगळं मला स्वच्छ दिसत होतं. न दिसतं तर बरं झालं असतं.

कोणा शहाण्याने फलाटाच्या मधोमध पार्सलांची चळत रचून ठेवली होती, दोरीने बांधून. दादा कडेने वळला आणि काठीचं टोक त्या दोरीत अडकलं. तो ओढायला लागला. ओढता ओढता फिरला आणि त्याचं तोंड थेट रुळांकडे झालं. निरीक्षक चळतीच्या पलीकडच्या बाजूने येत होते, त्यांना तो दिसतच नव्हता. काठी अजून दोरीत, आणि दादाच्या बुटापुढे वीतभर फलाट उरलेला.

भोंगा घशापर्यंत आला होता. ओरडले तर तो वाचणार, पण तीन वर्षं माझ्या कोपराला बांधला जाणार, आणि मी त्याला. नाही ओरडले तर? माझ्यासारख्या बाईला देवाने असली वेळ दाखवू नये. मी पिशवीचा पट्टा दातांत धरला.

दादाने मान थोडी तिरकी केली, कोणी काही सांगतंय का ऐकावं तशी. मग त्याने उजवा पाय उचलला.

तो पाय हवेत किती वेळ होता, मला सांगता येणार नाही. पट्ट्याबरोबर माझा ओठही चावला गेला, तोंडात रक्ताची चव आली. पाय हळूच मागे आला. त्याने हिसका देऊन काठी सोडवली, पुढे टेकायला गेला तर खाली काहीच लागलं नाही. तो वळला, चळतीला हात लावत लावत पुढे गेला, बाकाला शिवून पूल चढून परत आला. बाईंनी सोबत्याच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि शिक्का उमटवला. रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी भिंतीला टेकून उभी होते.

परतीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो. मी विचारलं, काठी अडकली असताना कडा तुला कळली कशी?

"कळलीच नव्हती," तो म्हणाला. "मी तुझी हाक येते का बघत होतो. आली नाही, म्हणजे पुढे जमीन आहे असं धरलं आणि पाय उचलला. मग आठवलं, आज तुझ्या गप्प राहण्याला काही अर्थ नाही."

मी रडायला लागले. लोक बघत होते, बघू देत. मी म्हटलं, मी कुठेही जाणार नाही, चुलीत गेलं ते टेबल. त्याने मला मनसोक्त रडू दिलं.

"पाय मीच मागे घेतला ना?" मग तो म्हणाला. "ती सवय लागायला मला तू जवळ नसलेलीच बरी. मालकीणबाईंना हो सांग."

गाडी आली. तो म्हणाला, तू चढ आधी. मी चढले आणि वळून दारात उभी राहिले. खाली तो काठीने पायरी शोधत होता, आणि मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.